संगणकाला लिहून सांगा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तुम्ही पाहिले असेल, नाहीतर त्याचे नाव तरी ऐकले असेल. फार प्राचीन काळी आकाशातून एक मोठी उल्का येथे आदळली. कठीण काळ्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर तयार झाले. त्या विवरात हे खारट पाण्याचे सरोवर आहे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले. पाणी आटल्यामुळे खारटपणा वाढला होता आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्यात फार झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा हे कळले.

असा बदल ओळखायचा असेल, तर रोजची नोंद हवी. समजा, लोणारच्या एका वर्गाने वर्षभर रोज एक ओळ लिहिली. तारीख, पाण्याचा रंग आणि दिसलेले पक्षी. वर्षाच्या शेवटी ३६५ ओळी झाल्या. मुलांनी त्या संगणकात एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिल्या. आता गुरुजींनी विचारले, "मोर किती दिवस दिसला?"

एक मार्ग असा : माउसने फाइल उघडायची, एकेक ओळ वाचायची आणि मोजायचे. यात वेळ जातो आणि चूकही होते. दुसरा मार्ग असा : संगणकाला एका ओळीत लिहून सांगायचे, की "या फाइलीतील 'मोर' शब्द असलेल्या ओळी मोज." उत्तर क्षणात पडद्यावर येते. लिहून सांगितलेल्या अशा कामाला आज्ञा म्हणतात. उर्दूत ज्याला तुम्ही 'हुक्म' म्हणता, तोच हा मराठीतला हुकूम.

ही पद्धत नवी नाही. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' ही संगणकप्रणाली तयार करण्यास सुरुवात केली. तिला सर्व आज्ञा लिहूनच द्याव्या लागत. १९८१ मध्ये आलेली 'डॉस' ही प्रणालीही तशीच होती. काळ्या पडद्यावर एक खूण लुकलुकत असे आणि तेथे हुकूम लिहावा लागे. पुढे चित्रे आणि माउस आले, काम सोपे झाले. पण जुनी पद्धत गेली नाही. १९९१ मध्ये फिनलंडमधील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' सुरू केले. ते मोफत मिळते आणि पुष्कळ जुन्या संगणकांवरही चालते. त्यात आज्ञा लिहिण्याच्या खिडकीला 'टर्मिनल' म्हणतात.

आज्ञा शिकणे म्हणजे नवी भाषा शिकणे होय. तुम्ही मराठी कशी शिकलात? आधी दहावीस शब्द, मग लहान वाक्ये. मराठी शिकताना तुम्ही उर्दू सोडली नाही. येथेही तसेच करा. माउस सोडू नका. त्याच्या जोडीला रोज एकदोन शब्द शिका. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकाव्या लागतात, पण त्या फार लहान असतात.

पहिल्या आठवड्यात तीन आज्ञा पुरेत. 'पीडब्ल्यूडी' ही पहिली. येथे तिचा अर्थ रस्ते बांधणारे खाते असा नाही. "मी आता कोणत्या फोल्डरमध्ये आहे?" हा तिचा अर्थ. 'एलएस' लिहिले, की त्या फोल्डरमधील फायलींची यादी दिसते. 'सीडी' लिहून फोल्डरचे नाव लिहिले, की त्या फोल्डरमध्ये जाता येते. दुसऱ्या आठवड्यात 'सीपी' शिका. ती फाइलीची नक्कल करते. 'एमव्ही' फाइल दुसरीकडे हलवते किंवा तिचे नाव बदलते. ही नावे लिनक्सवरची आहेत. विंडोजच्या जुन्या आज्ञा-खिडकीत काही नावे वेगळी असतात. तेथे यादीसाठी 'डीआयआर' लिहितात.

आता आपल्या मोराकडे वळू. 'ग्रेप' ही आज्ञा शब्द शोधून तो असलेल्या ओळी दाखवते. 'डब्ल्यूसी' ही आज्ञा मोजते. तिला 'डॅश एल' ही खूण जोडली, की ती फक्त ओळी मोजते. या दोन आज्ञांच्या मध्ये एक उभी रेघ लिहितात. तिला 'पाइप' म्हणतात. शेतात एका पाइपला दुसरा जोडून पाणी पुढे नेतात ना? तसेच पहिल्या आज्ञेचे उत्तर या रेघेतून दुसऱ्या आज्ञेकडे जाते. युनिक्समध्ये ही सोय १९७३ साली आली. शब्द जोडून वाक्य होते, तशा लहान आज्ञा जोडून मोठे काम होते. माउसच्या यादीत कोणीतरी आधी ठरवलेलीच कामे असतात. आज्ञा जोडणारा मात्र त्या यादीत नसलेले कामही सांगू शकतो.

पण थांबा. संगणकाचे उत्तर खरे मानण्याआधी काही ओळी स्वतः वाचा. फाइलीत एका दिवशी लिहिले आहे, "देवीच्या मंदिरासमोर बगळे दिसले." या ओळीत मोर नाही, पण 'मंदिरासमोर' या शब्दात 'मोर' ही अक्षरे आहेत! संगणकाने ही ओळही मोजली. 'डॅश डब्ल्यू' ही खूण जोडली, तर तो पूर्ण शब्दच शोधतो. मग ही चूक टळते. तरीही "आज मोर दिसला नाही" ही ओळ उरतेच. संगणक अक्षरे पाहतो, अर्थ आपल्याला पाहावा लागतो. हुकूम जितका अचूक, तितके उत्तर अचूक.

एका आज्ञेपासून सावध राहा. तिचे नाव 'आरएम'. ती फाइल पुसून टाकते. पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही आणि सहसा परत मिळत नाही. वर्षभराची नोंद एका ओळीने नाहीशी होऊ शकते. म्हणून सरावासाठी वेगळे फोल्डर करा. त्यात मूळ फाइल नको, नक्कल ठेवा. आज्ञा लिहिल्यावर 'एंटर' दाबण्यापूर्वी ती एकदा वाचा.

काही कामे माउसनेच बरी. चित्र काढणे, छायाचित्र नीट करणे यांसाठी टर्मिनल कामाचे नाही. उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे जातो. तो पुष्कळ टर्मिनलांत नीट दिसत नाही. असा मजकूर वाचण्यासाठी नेहमीचीच खिडकी उघडा.

मग मोठ्या कामांत या आज्ञा कोण वापरतो? लोणारच्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएचा अभ्यास झालेला आहे. डीएनएची माहिती ए, सी, जी आणि टी या चार अक्षरांत लिहितात. अशा फाइलीत लाखो ओळी असू शकतात. त्या डोळ्यांनी वाचून संपणार नाहीत, म्हणून शास्त्रज्ञ आज्ञा लिहूनच त्यांतून हवे ते शोधतात. पुण्याच्या आयसर या संस्थेत २०१९ मध्ये 'परम ब्रह्म' हा महासंगणक बसवला. त्यावर काम करणारे संशोधकही आपल्या जागेवरून लिखित आज्ञा देतात. तुमची ३६५ ओळींची फाइल आणि त्यांची लाखो ओळींची फाइल, दोन्हींना 'ग्रेप' तीच!

तेव्हा एक वही करा. शिकलेली प्रत्येक आज्ञा, तिचा अर्थ आणि एक उदाहरण तिच्यात लिहा. एखादी आज्ञा विसरलात, तर तिच्या नावाआधी 'मॅन' लिहा. लिनक्समध्ये सहसा तिची माहिती मिळते. घाई करू नका. वहीतले शब्द वाढतील, तसतसा तुमचा हात माउसकडून कळफलकाकडे आपोआप वळू लागेल.

शब्दार्थ
विवर – मोठा खोल खड्डा
सूक्ष्मजीव – नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव
आज्ञा – हुकूम
टंकणे – कळा दाबून लिहिणे
अचूक – बिनचूक
कळफलक – संगणकाच्या कळांची पाटी

स्वाध्याय
१. लोणार सरोवराचे पाणी २०२० मध्ये गुलाबी का झाले?
२. पाइपच्या खुणेने काय साधते? शेतातील उदाहरणाने सांगा.
३. 'मोर' शोधताना संगणकाचे उत्तर का चुकले?
४. 'आरएम' वापरण्यापूर्वी कोणती काळजी घ्याल?
५. 'हुकूम' आणि 'नक्कल' यांसारखे उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द लिहा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
६. आपल्या गावातील विहीर, नदी किंवा तलाव यांची आठवडाभर रोज एका ओळीत नोंद ठेवा.