चाकुलियाची धावपट्टी

मुंबईहून हावड्याला निघालेली मेल टाटानगर सोडून खरगपूरकडे धावू लागली की, सालवृक्षांच्या रांगांमध्ये चाकुलिया नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. आपल्यापैकी पुष्कळजण ते झोपेतच ओलांडतात! पण भारतात आलेले पहिले बी-२९ विमान २ एप्रिल १९४४ रोजी याच गावाबाहेर उतरले. वैमानिक होते कर्नल लेनर्ड हार्मन.

तो तळ पाहण्यासाठी मी गेल्या हिवाळ्यात मुद्दाम तेथे गेलो. दोन किलोमीटरांहूनही लांब अशी धावपट्टी! काँक्रीटच्या सांध्यांतून गवत उगवलेले, मधूनच शेळ्या बसलेल्या. काठाच्या जंगलात हत्तींचे कळप येतात, तेव्हा दिवस मावळायच्या आत परता, असे मला स्टेशनवरच बजावण्यात आले होते.

एवढे काँक्रीट कशासाठी? बी-२९चे पंख टोकापासून टोकापर्यंत १४१ फूट आणि भरल्या विमानाचे वजन साठ टनांच्या घरात. साध्या पट्टीला ते कुठले पेलणार? चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी, खरगपूर असे तळ त्यासाठी सज्ज झाले. ५ जून १९४४ रोजी या तळांवरून ९८ विमाने बँकॉकच्या रेल्वे कारखान्यावर गेली. त्या फेरीत पाच विमाने गमावली, पण शत्रूच्या माऱ्याने एकही नव्हे! दहाच दिवसांनी जपानमधील यावाताच्या पोलाद कारखान्यावर हल्ला झाला. त्यासाठी आधी हिमालय ओलांडून चीनमधील चेंगडूच्या तळांवर जावे लागे. पेट्रोलही येथूनच न्यायचे. एका चढाईपुरते जमवायला एकेका विमानाला साधारण सहा खेपा पडत. हा खटाटोप परवडेना, तेव्हा १९४५ साली विमाने पॅसिफिकमधील बेटांवर गेली आणि तळ ओस पडला.

हा सारा इतिहास पुस्तकांत सापडतो. पण ही पट्टी घातली कोणी? यंत्रे अमेरिकन होती, तरी खडी फोडणारे नि पाट्या वाहणारे हात आसपासच्या खेड्यांतले होते. त्यांत बायकाही पुष्कळ. शेजारच्या मिदनापुरात १९४३च्या दुष्काळाने माणसे पटापट मरत होती, ते हेच दिवस.

शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्याजवळ मी हा विषय काढला, तर तो म्हणाला, “बाबू, माझी आजी इथे खडी वाहायची ना!”

“मजुरी काय मिळायची, दादा?”

“ते नाही ठाऊक. पण त्या साली आमच्या घरची चूल विझली नाही, एवढे ती सांगायची.”

मी वही उघडली. हार्मनसाहेबांचे नाव तिच्यात आधीच होते. त्याखाली लिहावे म्हणून आजीचे नाव विचारले. म्हाताऱ्याने पुष्कळ आठवून पाहिले, मग ओशाळून हसला.

“आम्ही तिला आजीच म्हणायचो, बाबू.”