जिथे कमी, तिथे राहुल भेके

वाचकहो, पाडव्याला सालदार ठेवायचा झाला म्हणजे तुम्ही काय पाहता? गडी वखर नीट धरतो का, डवरणीला दिवसभर टिकतो का, बंडी हाकतो का, आणि रानडुकरांच्या दिवसांत जागलीला जायला कुरकुरत तर नाही ना, हेच पाहता. एखादे काम नामी करणाऱ्याचे चार दिवस कौतुक होते. पण घरधनी निर्धास्त झोपतो, तो पडेल त्या कामाला उभ्या राहणाऱ्या गड्याच्या भरवशावर. अशा माणसासाठी आपल्याकडे म्हणच आहे : जिथे कमी, तिथे आम्ही!

आज तुम्हांला अशाच एका गड्याची ओळख करून द्यायची आहे. त्याचे रान मात्र वेगळे आहे. त्याचे नाव राहुल भेके. ६ डिसेंबर १९९० रोजी मुंबईत जन्मलेला हा मराठी मुलगा फुटबॉलमध्ये भारताच्या संघापर्यंत पोचला. तुमच्या घरची पोरे क्रिकेटवेडी असतील, तरी ही हकिगत त्यांना वाचून दाखवा. ही गोल मारणाऱ्याची नव्हे, गोल अडवणाऱ्याची हकिगत आहे. आणि तिच्यात यशाइतकीच एक मोठी चूकही आहे.

पावणेदोन एकरांतला खेळ

आधी खेळ समजून घेऊ. फुटबॉलचे मोठे मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. म्हणजे सुमारे ७१ आर. आपल्या हिशेबाने पावणेदोन एकर. एवढ्या रानात दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा गडी ९० मिनिटे पळतात. शेवटी उभा असतो गोलरक्षक. तो खळ्यावरचा राखणदार. त्याच्या पुढे बचावाची फळी, म्हणजे धुऱ्यावरचे कुंपण. मधल्या फळीतले गडी चेंडू मिळवून पुढे पोचवतात आणि आघाडीचे गडी गोल मारतात.

वर्तमानपत्रात नाव छापून येते ते बहुधा आघाडीवाल्यांचे. कुंपण शाबूत असते तोवर त्याची आठवण कोणाला होते? एका जागी फाटले आणि ढोरे आत शिरली, की सारा गाव धुऱ्यावर गोळा होतो. बचाव करणाऱ्या खेळाडूचे नशीब नेमके असेच असते.

या बचावातही दोन तऱ्हा आहेत. कडेच्या गड्याला दम लागतो. चढाईच्या वेळी पुढे धावायचे आणि चेंडू गेला की तितक्याच वेगाने मागे यायचे. मधल्या गड्याला थंड डोके लागते. जागा सोडायची नाही आणि उंच आलेला चेंडू उडी घेऊन डोक्याने परतवायचा. राहुल उजवी कडही धरतो आणि मधली जागाही सांभाळतो. शिवाय चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला, की तो हाताने आत फेकायला बऱ्याचदा हाच पुढे होतो. त्याचा नियम कडक आहे : दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, चेंडू दोन्ही हातांत, आणि फेक डोक्याच्या मागून वरून. राहुलची फेक लांब जाते. आणि कोपऱ्यावरून चेंडू आला की कुंपणावरचा हा गडी पुढे जाऊन डोक्याने गोलही करतो.

आपल्या देशाला हे नवे नाही. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई खेळांत जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला बचावातून काढून आघाडीला उभे केले. अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. त्या दोन गोलांपैकी एक होता जर्नेलसिंगचा.

मुंबई, कलकत्ता, बंगळूर

राहुल मुंबई एफ.सी.कडून खेळला. तेथून तो कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल या नामांकित क्लबात गेला. मधल्या काळात केरळ ब्लास्टर्स आणि एफ.सी. पुणे सिटी या संघांकडूनही त्याने खेळून घेतले. २०१७ साली तो बंगळूर एफ.सी.मध्ये आला आणि तेथे त्याचे नाव झाले.

२० एप्रिल २०१८ रोजी भुवनेश्वरला सुपर कपचा अंतिम सामना होता. समोर त्याचाच जुना संघ, ईस्ट बंगाल. बंगळूर एका गोलने मागे पडले होते. राहुलने गोल करून बरोबरी साधली आणि शेवटी बंगळूरने सामना ४-१ असा जिंकला.

त्याच वर्षी १७ मार्चला इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात बंगळूर स्वतःच्या मैदानावर हरले होते. बरोबर एक वर्षाने, १७ मार्च २०१९ रोजी, ते पुन्हा अंतिम सामन्यात उभे राहिले. मैदान मुंबईचे, समोर एफ.सी. गोवा. ९० मिनिटांत कोणाचाच गोल झाला नाही. जादा वेळ सुरू झाला. पाय जड झालेले, घसा कोरडा पडलेला. ११७ व्या मिनिटाला कोपऱ्यावरून चेंडू आला, राहुलने उडी घेतली आणि डोक्याने तो जाळ्यात घातला. १-० ने बंगळूरने ही स्पर्धा पहिल्यांदाच जिंकली. मुंबईच्या पोराने मुंबईतच करंडक मिळवून दिला.

दोहा : एक अभिमान, एक चूक

त्याच वर्षी ५ जून २०१९ रोजी थायलंडमध्ये कुरासाव या देशाविरुद्ध तो पहिल्यांदा भारताकडून खेळला. भारत १-३ असा हरला. राहुलचे वय तेव्हा २८ वर्षांचे होते. या वयात अनेक खेळाडूंची अर्धी कारकीर्द उरकलेली असते. याची सुरू होत होती.

तीन महिन्यांनी, १० सप्टेंबरला, दोहा येथे विश्वचषक पात्रतेचा सामना झाला. समोर कतार, त्या वर्षीचा आशियाई विजेता. भारताचा निभाव लागेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते. पण भारताच्या गोलरक्षकाने आणि बचावाच्या फळीने ९० मिनिटे तटबंदी केली. सामना ०-० असा सुटला. त्या फळीत उजव्या बाजूला राहुल भेके होता.

आता त्याच दोह्यातली दुसरी गोष्ट ऐका. ३ जून २०२१. पुन्हा कतार, पुन्हा विश्वचषक पात्रता. फुटबॉलमध्ये एका खेळाडूला दोन पिवळी कार्डे मिळाली, की लाल कार्ड होते आणि त्याला मैदान सोडावे लागते. त्याच्या जागी दुसरा गडी घेता येत नाही. राहुलला १७ व्या मिनिटालाच दुसरे पिवळे कार्ड दाखवले गेले. उरलेला सारा सामना भारत दहा जणांनिशी खेळला आणि ०-१ असा हरला.

वाचकहो, ऐन पेरणीत बैल बसावा, तशी ही गत. पाणी पडून गेलेले, जमीन वाफशावर आणि तिफन उभी. आपल्यामुळे दहा जणांना अकरांचे काम करावे लागले, याहून मोठा बोल खेळाडूला दुसरा नाही. ज्या गावात मान मिळाला, त्याच गावात मान खाली घालावी लागली. तिथून पुढचा माणूस कसा वागतो, यावरच त्याची खरी किंमत ठरते.

पुन्हा उभा राहिला

राहुल त्यानंतर मुंबई सिटी या संघात गेला. ८ एप्रिल २०२२ रोजी सौदी अरेबियातल्या रियाधला आशियातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेत मुंबई सिटी पहिलाच सामना ०-३ असा हरली. ११ एप्रिलला इराकचा एअर फोर्स क्लब समोर होता. इराकी संघाने आधी गोल केला. मुंबईने पेनल्टीवर बरोबरी केली. आणि ७५ व्या मिनिटाला कोपऱ्यावरून आलेला चेंडू राहुलने डोक्याने आत घातला. मुंबईने सामना २-१ असा जिंकला. या स्पर्धेत भारतीय क्लबाने जिंकलेला तो पहिला सामना. लाल कार्डाला तेव्हा एक वर्षही झाले नव्हते.

जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकासाठी तो पुन्हा कतारलाच गेला. भारत तिन्ही सामने हरला, हेही सांगितले पाहिजे; सालातले सारे हंगाम कोणाला साधतात? पण ४ मे २०२४ रोजी कलकत्त्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून मुंबई सिटीने सुपर लीग जिंकली, तेव्हा मुंबईचा कर्णधार होता राहुल भेके.

पुढे तो बंगळूरला परतला. १९ मार्च २०२५ रोजी शिलाँगला भारताची गाठ मालदीवशी पडली. नोव्हेंबर २०२३ नंतर भारताने एकही सामना जिंकला नव्हता. ३५ व्या मिनिटाला राहुलने डोक्याने पहिला गोल केला. भारत ३-० असा जिंकला. भारतासाठी तो त्याचा पहिलाच गोल. वय ३४.

सोयाबीन आणि तूर

आता तुमच्या-माझ्या घरचे बोलू. आपण सोयाबीनच्या ओळींबरोबर तूर पेरतो. सोयाबीन दसरा-दिवाळीला घरी येते. तूर मात्र तेव्हा नुसती हिरवीच उभी असते. तिच्या शेंगा भरायला पौष उजाडतो. म्हणून कोणी दिवाळीला तूर उपटून टाकतो का? मग पोरांच्या बाबतीत आपण अशी घाई का करतो? दहाव्या वर्षी चमकला नाही, तर याच्यात काही नाही, असा शिक्का मारून मोकळे होतो. २८ व्या वर्षी देशाकडून पहिला सामना आणि ३४ व्या वर्षी पहिला गोल, हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा.

मात्र दुसरी बाजूही सांगा. लाखो मुले खेळतात, देशाच्या संघात मोजकीच पोचतात. म्हणून शाळा सोडून मैदान धरू देऊ नका. दोन्ही चालू द्या.

खेळायला फार काही लागत नाही. वणी असो की पुसद, दारव्हा असो की पांढरकवडा, गावाजवळ मुरमाड सपाट जागा शोधा. उन्हाळ्यात काळ्या रानात भेगा पडतात आणि पऱ्हाटीची धसकटे असतात. तिथे पाय मुरगळतो. मोठ्यांचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. लहानांसाठी त्याच्या निम्मा पुरे. चार बांबू रोवले की काम झाले. नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन असाच फुटबॉल सुरू केला. त्यावरूनच २०२२ साली 'झुंड' हा चित्रपट आला. मुलींनाही खेळू द्या.

आणि एक नियम घाला. एक आठवडा जो पुढे खेळेल, त्याने दुसऱ्या आठवड्यात मागे उभे राहायचे, तिसऱ्यात गोल राखायचा. ज्याने सगळ्या जागांवर उभे राहून पाहिले, तो दुसऱ्याच्या चुकीवर लवकर ओरडत नाही. आणि स्वतःची चूक झाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर येतो. घरात, शेतात, गावात असेच माणूस लागते. गोल मारणारे पुष्कळ मिळतील. धुऱ्यावर उभा राहणारा एक तरी आपल्या घरात तयार व्हावा.