अंबरनाथचे शिवमंदिर : दगडातील ‘मोंताज’

अंबरनाथ, प्रतिनिधी

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराला प्रदक्षिणा घालणारा भाविक नकळत चित्रपटाचेच एक तंत्र अनुभवत असतो. निरनिराळी दृश्ये एकापुढे एक जोडून अर्थ निर्माण करण्याच्या या तंत्राला ‘मोंताज’ म्हणतात. कलासंग्रहालयातही हेच घडते. फरक इतकाच, की तेथे दृश्ये स्थिर असतात आणि प्रेक्षक चालतो. रशियन दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइन यांनी अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसचे उदाहरण देऊन हे नाते उलगडले होते.

शके ९८२, म्हणजेच इ.स. १०६०चा शिलालेख असलेल्या या शिलाहारकालीन मंदिराची बाह्यभिंत सपाट नाही. तिला अनेक कोन आहेत. त्यामुळे पुढचे शिल्प आधी नजरेस पडत नाही. वळण घेताच देवता, मग सुरसुंदरी, खाली हत्तींची रांग असा क्रम उलगडतो. पडद्यावरील ‘कट’चे काम येथे भिंतीचा कोन करतो.

याउलट, अलेक्झांडर सोकुरोव्ह यांचा ‘रशियन आर्क’ हा २००२चा चित्रपट सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात एकाच अखंड शॉटमध्ये चित्रित झाला. तेथे दालनांतून फिरणारा कॅमेराच दृश्ये जोडत जातो.

संग्रहालयातील चित्रांवर छप्पर असते. अंबरनाथची शिल्पे मात्र शतकानुशतके उघड्यावर पाऊस झेलत असून अनेक झिजली आहेत. हे मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केले आहे. तरीही एखादा चेहरा पुसला गेला, की त्या मालिकेतील एक दृश्यच गळते. म्हणूनच जतनाचा विचार सुट्या मूर्तींपुरता न राहता संपूर्ण भिंतीचा होणे आवश्यक ठरते.