खच्ची, नसबंदी, निर्बीजीकरण : नर कुत्र्याविषयीच्या एका निर्णयाची शब्दमीमांसा

घरी पाळलेला नर कुत्रा सहा-आठ महिन्यांचा झाला, की त्याच्या मालकापुढे एक प्रश्न उभा राहतो : त्याच्यावर शस्त्रक्रिया करवून घ्यावी किंवा नाही, आणि करवावयाची तर केव्हा. प्रश्न पशुवैद्यकाच्या कक्षेतला आहे हे उघड आहे. तथापि मराठी भाषकाच्या मनात तो ज्या शब्दांच्या द्वारे प्रवेश करतो, ते शब्द उत्तरालाही नकळत वळण लावतात. शब्दाचा इतिहास एका प्राण्याचा, वापर दुसऱ्या प्राण्यासाठी आणि लक्षणार्थ माणसाच्या संदर्भातला, असा हा गुंता असल्यामुळे तो थोडा उकलून पाहणे युक्त ठरेल.

या क्रियेसाठी मराठीत चार शब्द विशेष प्रचलित आहेत. 'बडवणे' हा शेतकऱ्याचा शब्द. गोऱ्हा औताला जुंपण्याजोगा करावयाचा, तर तो बडवावा लागे. बीजाकडे जाणाऱ्या शिरा ठेचून निकामी करण्याची जुनी पद्धत या धातूत जशीच्या तशी टिकून राहिली आहे. विसाव्या शतकात कातडी न फाडता शिरा चिरडणारा बर्डिझोचा चिमटा आला, पद्धत पालटली, शब्द मात्र तोच राहिला. न बडवलेला तो 'अंडील'. 'खच्ची' हा शब्द अरबी 'खसी' या मूळाशी जोडला जातो; 'खस्सी' हे त्याचे भावंड बोकडाच्या संदर्भात आजही ऐकू येते. 'नसबंदी' हा मूलतः माणसाच्या कुटुंबनियोजनाचा शब्द असून 1975 ते 1977 या आणीबाणीच्या काळात तो घरोघर, आणि बराचसा भीतीच्या छायेत, पोहोचला. 'निर्बीजीकरण' हा शासकीय परिभाषेतला घडीव शब्द महानगरपालिकांच्या सूचनांतून रूढ झाला. इंग्रजीत ज्या एकाच शब्दाने हत्यारे जंतुरहित करणे आणि प्राणी प्रजोत्पादनास अक्षम करणे हे दोन्ही अर्थ भागवले जातात, तेथे मराठीने 'निर्जंतुकीकरण' आणि 'निर्बीजीकरण' असे दोन स्वतंत्र शब्द घडवले, ही परिभाषाकारांची कामगिरी नोंदवण्यासारखी आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मराठीत वळू वेगळा आणि बैल वेगळा. एकाच नराच्या दोन अवस्थांना दोन नामे आहेत. इंग्रजीत तर घोडा, मेंढा, डुक्कर, कोंबडा या सर्वांच्या खच्ची नरांना स्वतंत्र नामे आहेत. कुत्र्याला मात्र दोन्ही भाषांत असे नाम नाही. कारण सरळ आहे : बैलाची ताकद, मेंढ्याचे मांस, घोड्याची शिस्त यांसाठी ही क्रिया शतकानुशतके होत आली, राखणीच्या कुत्र्याच्या बाबतीत तिची गरज कोणाला भासली नाही. म्हणूनच आज तिचे नाव उसने घ्यावे लागते, आणि उसन्या शब्दाबरोबर उसन्या कल्पनाही येतात. (व्याकरणाने मात्र मराठी कुत्र्यास तिन्ही लिंगे बहाल केली आहेत : तो कुत्रा, ती कुत्री, ते कुत्रे. शस्त्रक्रियेनंतरही घरातील कोणी 'तो'चे 'ते' करीत नाही.)

उसन्या शब्दांपैकी सर्वांत दिशाभूल करणारा शब्द 'नसबंदी' होय. माणसाच्या नसबंदीत शुक्रवाहिनी तोडून बांधली जाते. वृषण जागच्या जागी राहतात आणि त्यांतून स्रवणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पूर्ववत रक्तात मिसळत राहते. कुत्र्याच्या बाबतीत सामान्यतः जी शस्त्रक्रिया केली जाते तीत दोन्ही वृषण काढून टाकले जातात. म्हणजे संततीची शक्यता संपते आणि तिच्याबरोबर संप्रेरकाचा मुख्य स्रोतही. 'कुत्र्याची नसबंदी केली' असे म्हणणारा मालक पुष्कळदा पहिलीच गोष्ट झाली असे समजतो. 'निर्बीजीकरण' हा शब्दही फळाचे नाव सांगतो, संप्रेरकाविषयी मौन पाळतो. परिणामी जो प्रश्न प्रथम विचारला जावयास हवा, म्हणजे वाढत्या शरीरातून हे संप्रेरक नाहीसे झाल्यास काय होईल, तो विचारलाच जात नाही.

त्याचे उत्तर हाडांपासून सुरू होते. लांब हाडांच्या टोकांशी असणाऱ्या वाढीच्या कूर्चा वयात येताना लैंगिक संप्रेरकांच्या प्रभावाने मिटतात. वृषण लवकर काढल्यास त्या उशिरा मिटतात आणि हाडे काहीशी अधिक लांब वाढतात. सात आठवड्यांच्या आणि सात महिन्यांच्या पिल्लांवरील 1991 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे आढळले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2014 मध्ये लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या दोन जातींची तुलना केली. शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्र्यांत सांध्यांच्या विकारांचे प्रमाण दोन्ही जातींत सुमारे 5 टक्के होते. सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या लॅब्रेडॉरमध्ये ते दुप्पट, तर गोल्डनमध्ये चौपट ते पाचपट आढळले. याच गटाने 2020 मध्ये 35 जातींची माहिती प्रसिद्ध केली. तीत लहान चणीच्या जातींत सांध्यांचा असा वाढीव धोका सामान्यतः दिसला नाही. आणि गंमत अशी, की ग्रेट डेन व आयरिश वुल्फहाउंड या अतिविशाल जातींतही तो दिसला नाही. ही सर्व माहिती एकाच पशुरुग्णालयाच्या नोंदींवरून घेतलेली आहे, हे विसरून चालणार नाही. रुग्णालयात येणारे कुत्रे म्हणजे सर्व कुत्रे नव्हेत. तरीही 'सहा महिने झाले, आता उरकून घ्या' हा सरसकट सल्ला मोठ्या चणीच्या नरासाठी आता टिकण्यासारखा राहिलेला नाही.

'खच्ची' या शब्दाने होणारी दिशाभूल वेगळ्या जातीची आहे. वृत्तपत्रीय मराठीत कार्यकर्त्यांचे खच्चीकरण होते, मनोधैर्याचे खच्चीकरण होते; म्हणजे तेज हरपते. हा लक्षणार्थ मनात बाळगून एक मालक म्हणतो, कुत्रा मवाळ होईल, राखण करणार नाही. आणि दुसरा त्याच लक्षणार्थाच्या आधाराने अपेक्षा बाळगतो, की चावरा कुत्रा गरीब होईल. दोघांच्याही समजुतीस पुरावा तोकडा पडतो. शस्त्रक्रिया झालेल्या 57 नर कुत्र्यांचा एक अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. भटकणे, जागोजाग तंगडी वर करणे, अंगावर चढणे या सवयी किमान 60 टक्के कुत्र्यांत निम्म्याने वा त्याहून अधिक कमी झाल्या होत्या. आक्रमकतेच्या निरनिराळ्या प्रकारांत मात्र एवढी सुधारणा 35 टक्क्यांहून कमी कुत्र्यांतच दिसली. आक्रमकतेच्या मुळाशी पुष्कळदा भय असते, आणि भयावर वृषण काढणे हा उपाय नव्हे. भित्र्या नराच्या बाबतीत तर घाई न करणेच शहाणपणाचे. राखण करणे, घर ओळखणे, परक्यावर भुंकणे यांचा संबंध संगोपनाशी आणि स्वभावाशी अधिक आहे. बैल बडवल्यावर नांगराला शांतपणे जुंपता येतो, या अनुभवाचा कुत्र्यावर केलेला आरोप म्हणजे सादृश्याने झालेली चूक होय.

रोगांचा विचार केल्यास पारडे एकीकडेच झुकत नाही. वृषणांचा अर्बुद अर्थातच टळतो, आणि वयोमानाने प्रोस्टेट ग्रंथी वाढण्याचा नरांत सर्रास आढळणारा त्रासही टळतो. उलट त्याच ग्रंथीचा कर्करोग, जो विरळा असतो, शस्त्रक्रिया झालेल्या नरांत अधिक प्रमाणात नोंदला गेला आहे. शस्त्रक्रियेनंतर अन्नाची गरज घटते, भूक मात्र घटत नाही. वाटीचे माप न बदलल्यास कुत्रा लठ्ठ होतो. एक प्रसंग मात्र निःसंदिग्ध आहे : एखादा वृषण खाली न उतरता पोटातच राहिला असेल, तर त्यात अर्बुद होण्याचा धोका पुष्कळ वाढतो, आणि तेथे शस्त्रक्रिया करणेच इष्ट.

संख्यानियंत्रणाचा युक्तिवाद येथे बहुधा पुढे केला जातो. तो रस्त्यावरील कुत्र्यांच्या बाबतीत रास्त आहे. त्यासाठीच 2001 चे आणि त्यांच्या जागी आलेले 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम झाले, आणि पाळीव कुत्र्याचे दायित्व त्यांत मालकावर टाकले गेले. परंतु पैदास माद्यांच्या संख्येवर ठरते. एक नर कमी झाल्याने त्याची जागा दुसरा घेतो. जो नर दोरीवाचून कधी बाहेर जात नाही त्याच्यापुरता हा युक्तिवाद लंगडा पडतो. ज्याला बंगल्याचे फाटक उघडे मिळते आणि गल्लीतली कुत्री माजावर येताच जो रात्रभर परतत नाही, त्याच्या बाबतीत तोच युक्तिवाद, रस्त्यावरील अपघाताच्या धोक्यासह, निर्णायक ठरू शकतो.

ज्यांचा निश्चय होत नाही त्यांच्यासाठी युरोपात एक मधला मार्ग उपलब्ध आहे. डेस्लोरेलिन या औषधाची तांदळाएवढी कांडी कातडीखाली बसवली जाते. आरंभी काही दिवस टेस्टोस्टेरॉन उलट वाढते. त्यानंतर ते खाली येते, आणि लहान मात्रेत सहाव्या आठवड्यापासून प्रजननक्षमता थांबल्याचे धरले जाते. लहान मात्रेचा परिणाम किमान सहा महिने, मोठीचा वर्षभर टिकतो, आणि पुढे शरीर पूर्वस्थितीला येते. शस्त्रक्रियेनंतर कुत्रा कसा वागेल, याची ही एक प्रकारे रंगीत तालीमच. हिला 'खच्ची करणे' म्हणता येत नाही, 'नसबंदी' तर नाहीच. आणि 'तात्पुरते निर्बीजीकरण' म्हटल्यास संप्रेरकाची गोष्ट पुन्हा झाकली जाते. 'संप्रेरकरोध' हा शब्द सुचवता येईल. तो दवाखान्यात कोणी उच्चारील असे मात्र वाटत नाही.