कोल्हापूर महापालिकेत संख्याबळाचा हिशेब

कोल्हापूरकर नगरसेवक निवडतात ते सर्वाधिक मतांनी. प्रमाणशीर प्रतिनिधित्व सुरू होते ते निकालानंतर, सभागृहात. महापौर बहुमताने ठरतो. स्थायी समितीच्या १६ जागा मात्र महापालिका अधिनियमानुसार पक्षांच्या तौलनिक संख्याबळावर वाटल्या जातात. पालिकेचे आर्थिक निर्णय याच समितीत होत असल्याने हा हिशेब नीट समजून घ्यायला हवा.

२०१५ चा निकाल घेऊ. एकूण जागा ८१. काँग्रेस २७, राष्ट्रवादी १५, भाजप-ताराराणी आघाडी मिळून ३२, शिवसेना ४, इतर ३. सूत्र सोपे आहे : गटाचे नगरसेवक भागिले ८१, गुणिले १६. काँग्रेसचा वाटा ५.३३, राष्ट्रवादीचा २.९६, भाजप-ताराराणी एकच गट धरल्यास ६.३२, शिवसेनेचा ०.७९. इतर तिघे एकत्र आले तर ०.५९.

आधी पूर्णांक द्यायचे : ६, ५ आणि २. उरलेल्या तीन जागा मोठ्या अपूर्णांकांना, म्हणजे राष्ट्रवादी, शिवसेना आणि त्या तिघांना. आता पाहा, सभागृहात ४२ जणांचे बहुमत असलेल्या काँग्रेस-राष्ट्रवादीला समितीत मिळतात नेमक्या निम्म्या, ८ जागा! तिघे वेगवेगळे राहिले तर प्रत्येकाचा वाटा जेमतेम ०.२ आणि ती सोळावी जागा काँग्रेसकडे. निवडणुकीनंतर महिन्याभरात आघाडी नोंदवण्याची मुभा कायदा देतो. अपक्षांची मनधरणी त्याच महिन्यात का चालते, हे यावरून कळते.

स्वीकृत नगरसेवकही याच तत्त्वाने येतात.