खाकी रंगातली माती कुठली?

‘खाकी’ म्हणजे कोणता रंग, असे विचारले तर तुम्ही लगेच पोलिसांच्या गणवेशाकडे बोट दाखवाल. पण या शब्दाचा मूळ अर्थ आहे ‘मातीच्या रंगाचा’. आता वाशीम जिल्ह्यातील जऊळक्याचे शिवार डोळ्यांसमोर आणा. तिथली माती काळी! मग खाकी रंग काळा का नाही?

फारसी भाषेत ‘खाक’ म्हणजे धूळ, माती. इ.स. १८४६ मध्ये इंग्रजांनी पेशावर येथे ‘गाइड्स’ नावाची पलटण उभारली. त्या कोरड्या मुलखातली धूळ पिवळसर करडी. तशाच रंगाचे कपडे घातले की शिपाई दुरून उठून दिसत नसे. पुढे हा रंग सैन्यात रूढ झाला आणि शब्द जगभर गेला. आपली काळी माती मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला बेसाल्ट खडक झिजून तयार झाली. म्हणजे ‘खाकी’ शब्दात माती आहे, पण ती आपल्या शिवारातली नव्हे!

रंगांची नावे अशीच भटकतात. जुन्या फ्रेंच भाषेत ‘ग्रिस’ म्हणजे करडा. केसांची टोके पांढुरकी असणाऱ्या अमेरिकेतील अस्वलाला त्यावरून ‘ग्रिझली’ हे नाव मिळाले. पण कितीतरी ग्रिझली चक्क तपकिरी असतात. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा ‘अंबरग्रिस’ म्हणजे ‘करडा अंबर’. आपला ‘करडा’ शब्द तर स्वभावासाठीही वापरतात. करडी नजर, करडी शिस्त आपण म्हणतोच ना?

म्हणूनच शास्त्रज्ञ रंगाच्या नुसत्या नावावर विसंबत नाहीत. मातीचा नमुना ते मन्सेल तक्त्यातील रंगीत चौकोनांशी ताडून पाहतात आणि जुळणाऱ्या चौकोनाचा क्रमांक नोंदवतात.

तुम्हीही एक प्रयोग करा. शेतातली दोन सुकी ढेकळे घ्या व एक भिजवा. ओले ढेकूळ गडद दिसेल. कणांभोवती हवेऐवजी पाणी आल्याने प्रकाश कमी विखुरतो व अधिक शोषला जातो. एकाच मातीचे दोन रंग! तेव्हा प्रयोगवहीत रंगाबरोबर माती ओली होती की कोरडी, हेही लिहा. नाहीतर तुम्ही लिहाल ‘काळी’, मित्र लिहील ‘करडी’, आणि दोघेही खरेच बोलत असाल.