फळ्यावर जन्मलेली भाषा

ॲरे भाषांचा, म्हणजे संख्यांच्या अख्ख्या ओळींवर आणि तक्त्यांवर एकदम क्रिया करणाऱ्या संगणकीय भाषांचा, इतिहास सांगणारे बहुतेक जण सुरुवात आयबीएमच्या यंत्रांपासून करतात आणि तिथेच गफलत होते. केनेथ आयव्हरसन १९५०च्या दशकात हार्वर्डला शिकवत होते. रूढ गणिती चिन्हे वर्गात अपुरी पडू लागली, म्हणून त्यांनी नवी रचली. १९६२ साली 'अ प्रोग्रामिंग लँग्वेज' हे पुस्तक निघाले, तेव्हा ती चिन्हे चालवणारे यंत्र नव्हते. पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरे घेतलेली, टंकयंत्रासमोर बसून वापरता येणारी एपीएल आली १९६६मध्ये. आज गणिताच्या पुस्तकांत सर्रास दिसणारी 'फ्लोअर' आणि 'सीलिंग' ही चिन्हे त्याच १९६२च्या पुस्तकातली.

विमा कंपन्या, बँका, टाइमशेअरिंग हा पुढचा पसारा इथे सोडून देऊ. आयव्हरसन यांची शिक्षकाच्या कामाची पुस्तके दोन: १९६६चे 'एलिमेंटरी फंक्शन्स' आणि १९७२चे 'अल्जिब्रा'.

ऋण गुणिले ऋण धन का, हा सहावी-सातवीतला जुना पेच. नियम पाठ करून घेतला जातो, पटवला जात नाही. एपीएलमध्ये ⍳७ म्हणजे १ ते ७ आणि ∘.× म्हणजे प्रत्येकाचा प्रत्येकाशी गुणाकार; (४-⍳७)∘.×४-⍳७ एवढी ओळ लिहिली की ३पासून ऋण ३पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार-तक्ता समोर येतो. पहिली ओळ ९ ६ ३ ० ¯३ ¯६ ¯९. प्रत्येक पायरीला तीन कमी. शेवटच्या ओळीची सुरुवात ¯९ ¯६ ¯३ ० अशी; दर पायरीला तीन वाढत असतील, तर शून्यानंतर ३, ६, ९ यांखेरीज दुसरे येणार काय? शिवाय ऋण संख्येची खूण वर चढवलेली आणि वजाबाकीची रेघ वेगळी. एकाच रेघेला दोन कामे देऊन मुलांचा जो गोंधळ उडतो, तो इथे होतच नाही.

तसेच +\¯१+२×⍳६ लिहावे (+\ म्हणजे क्रमाने साठत जाणारी बेरीज): १ ४ ९ १६ २५ ३६. विषम संख्यांच्या बेरजेतून वर्ग उभे राहिलेले मुलाला दिसतात. का, हा प्रश्न मग तेच विचारते, आणि सिद्धतेची वेळ तीच.

ही चित्रलिपी मुलांनी वाचायची कशी, असे विचारणारे विद्वान वर्गमूळ, सिग्मा आणि क्रमगुणिताची खूण याच मुलांना विनातक्रार शिकवतात. दुसरा आक्षेप वजनदार आहे: एपीएल कंचेभागुबेव मानत नाही. प्रत्येक क्रिया आपल्या उजवीकडचे सगळे घेते, म्हणून ३×४+५ म्हणजे २७. परीक्षेला बसणाऱ्या मुलाला दोन्ही रीती सांभाळाव्या लागतात, हे खरे. पण डझनावारी क्रिया असलेल्या भाषेत अग्रक्रमाची उतरंड पाठ करायची कोणी?

आयव्हरसन यांना १९७९मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. व्याख्यानाचा विषय होता विचाराचे साधन म्हणून चिन्हलिपी. रॉजर हुई यांच्यासह १९९०मध्ये त्यांनी 'जे' ही नवी भाषा आणली. साध्या कळफलकावर टंकता येते, ही तिची सोय. मात्र नवशिक्या मुलाच्या डोळ्याला एपीएलची जुनी चिन्हेच अधिक बोलकी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने उच्च प्राथमिक टप्प्यावर गणिताच्या जोडीला कोडिंग आणले. प्रत्यक्षात अनेक वर्गांत त्याचा अर्थ लूप आणि मोजणीचा चल एवढाच उरला. गणित बाजूला पडले आणि मूल स्वल्पविराम शोधत बसले. याची खंत वाटावी, कारण आता एपीएलसाठी खास टंकयंत्र लागत नाही, ब्राउझर पुरतो. शाळांनी सुरुवात ऋण संख्यांच्या त्या तक्त्यापासून करावी; लूप पुढच्या वर्षी आला तरी काही बिघडत नाही.